नकाराला कारण हवे

आमच्या लालबागच्या चाळीत कुरिअरवाला आला की त्याची वर्दी घरच्या माणसांच्या आधी साऱ्या मजल्याला लागते. गेल्या वर्षी होळीच्या चार दिवस आधी तो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा शेजारच्या काकू सहीसाठी पेन घेऊन आमच्याही आधी धावल्या होत्या. पाकिटात आईचा पासपोर्ट होता आणि सोबत एक छापील पत्र. पासपोर्टाची पाने चाळून झाली. व्हिसाचा शिक्का कुठेच नव्हता. मग पत्र वाचले.

माझी मोठी बहीण परदेशात परिचारिका आहे. तिचे पहिले बाळंतपण एप्रिलात व्हायचे होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. ताईला नोकरीमुळे इकडे येता येत नव्हते, म्हणून माहेरच तिच्याकडे जायला निघाले होते. आईने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. तीन महिन्यांच्या व्हिसासाठी अर्ज केला, फी भरली, बोटांचे ठसे दिले. डिंक आणि अळीव आणून झाले होते, जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांची घडी घालून झाली होती. पत्राचा मथितार्थ असा होता, ‘भेट संपल्यावर आपण मायदेशी परत जाल याविषयी अधिकाऱ्यांचे समाधान झाले नाही. मायदेशाशी आपले पुरेसे बंध असल्याचे दिसून येत नाही. या निर्णयाविरुद्ध अपील करता येणार नाही.’

इंग्रजीतला तो मजकूर मी आईला मराठीत सांगितला. ती म्हणाली, “मी काय तिथं कायमची राहायला चालले होते? गणपतीला मग घरात कोण असणार होतं?” थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “पण का नाही म्हणाले, ते लिहिलंय का?” मी तेच वाक्य पुन्हा वाचले. त्यावर ती म्हणाली, “हे कारण नव्हे गं. हे तर ‘नाही’च झालं, जरा लांबवून सांगितलेलं.”

मित्रमैत्रिणींनो, आई दहावीपर्यंत शिकली आहे आणि मी राज्यशास्त्राची तृतीय वर्षाची विद्यार्थिनी. पण तीन वर्षांत जे मला नेमके मांडता आले नसते, ते तिने एका वाक्यात मांडले. या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे, की नकार देण्याचा अधिकार ज्याला आहे त्याने तो खुशाल वापरावा, पण त्या नकाराला लेखी आणि नेमके कारण असले पाहिजे, आणि ते कारण तपासून पाहणारा दुसरा कोणीतरी असला पाहिजे.

प्रथम त्या ‘बंधां’विषयी. लालबागमध्ये पंचावन्न वर्षे काढलेल्या बाईचे मायदेशाशी बंध नाहीत, हे वाचून चाळीतली मंडळी हसली. पण अधिकाऱ्याच्या टेबलापाशी बसून विचार केला तर काय दिसते? आमची खोली पागडीची, भाडेपावती अजून दिवंगत आजोबांच्या नावावर. आई पंधरा वर्षे डबे करून देते. परळच्या दोन कचेऱ्यांतील माणसे तिच्या हातचे जेवतात, पण पैसे रोख येतात आणि किराण्यात रोखच जातात. तिच्या नावावर पासबुक आहे, त्यात शिल्लक जेमतेम. पगारपत्रक नाही, आयकराचे विवरण नाही, सातबारा चुलत्यांच्या नावावर. म्हणजे तिला इथे घट्ट बांधून ठेवणाऱ्या जेवढ्या गोष्टी आहेत, त्यांतील एकीचाही कागद तिच्या नावाचा नाही.

ही काही आमच्या एका घराची गोष्ट नव्हे. गिरणगावातल्या किती बायकांनी खाणावळी चालवून गिरणी कामगारांची पोटे भरली! त्यांच्याजवळ तारण नव्हते, कागद नव्हते, म्हणून सावकाराशिवाय त्यांना कोणी उभे करीत नसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. बायका त्याच होत्या, त्यांची चूलही तीच होती. बँकेने फक्त कागदापलीकडे पाहायचे ठरवले. संस्थेची इच्छा असेल तर बिनकागदाच्या माणसाचीही पत जोखता येते, याचा हा दाखला आपल्याच दाराशी आहे.

आता थोडे मागे जाऊ, कारण ही अडवणूक सनातन आहे असे समजण्याचे कारण नाही. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि वैद्यक शिकायला अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. विरोध झाला तो स्वकीयांचा, समुद्रपर्यटनाला. व्हिसासाठी त्यांना कोणत्याही वकिलातीच्या दारात उभे राहावे लागले नाही. पासपोर्ट आणि परवान्यांची आजची सक्ती मुख्यतः पहिल्या महायुद्धाची देणगी. युद्ध संपले, सक्ती तेवढी राहिली. हिंदुस्थानात १९२० साली तिचा कायदाच झाला.

या सक्तीचा तडाखा बसलेल्यांत गिरगावच्या वाळूत ज्यांना आपण निरोप दिला ते लोकमान्यही आहेत. चौपाटीवरच्या त्यांच्या पुतळ्यापाशी आपण सगळेच कधी ना कधी बसलो आहोत. १९१८ साली होमरूलची मागणी विलायतेत मांडण्यासाठी टिळक, खापर्डे, केळकर प्रभृतींचे शिष्टमंडळ निघाले. हिंदुस्थान सरकारने पासपोर्ट दिले होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने ते पासपोर्ट रद्द केले. सगळ्यांना परत फिरावे लागले. त्याच वर्षी पुढे चिरोल खटल्यासाठी टिळकांना विलायतेला जाऊ दिले, तेही राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली, पण टिळकांना पॅरिसला जाण्याचा पासपोर्ट नाकारण्यात आला. हिंदुस्थानच्या वतीने तिथे बसले बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. टिळकांनी काय केले? मार्च १९१९ मध्ये परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू लेखी मांडली. ऐकणारा कोणी नसतानाही आपले म्हणणे कागदावर नोंदवून ठेवणे, हाही अपिलाचाच एक प्रकार आहे.

स्वातंत्र्य आले, पण पासपोर्ट देणे-न देणे बरीच वर्षे सरकारच्या मर्जीवरच होते. त्यासाठी कायदाच नव्हता. केरळ, म्हैसूर आणि आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयांनी नागरिकाच्या बाजूने निकाल दिले होते. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी सांगितले, की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येत नाही. मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. त्याच्या ५ व्या कलमात नकाराची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आहे आणि ११ व्या कलमात अपिलाची सोय आहे. देशाच्या सुरक्षिततेसारख्या बाबींत कारण न कळवण्याची मुभाही ठेवली आहे.

या मुभेचा वापर कसा होतो हे दहा वर्षांनी दिसले. जुलै १९७७ मध्ये मनेका गांधी यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला. कारणे विचारली तर, सार्वजनिक हितासाठीच ती देता येत नाहीत, असे उत्तर आले. माझ्या आईने ऐकले असते तर म्हणाली असती, हे पुन्हा ‘नाही’च झाले! आदेश केंद्र सरकारचाच असल्याने कायद्यातले अपीलही उपलब्ध नव्हते. २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की हक्क काढून घेण्याची पद्धत केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असावी लागते आणि माणसाला आपली बाजू मांडायची संधी मिळावी लागते. आज आपल्या अभ्यासक्रमात मानाचे पान असलेला हा निकाल मुळात एका प्रवासाच्या पुस्तिकेवरून लागला, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, बाई, तुम्ही पासपोर्ट आणि व्हिसा यांची गल्लत करता आहात. पासपोर्ट आपले सरकार देते, त्याच्याशी आपले नाते नागरिकाचे. व्हिसा परका देश देतो. तो त्याच्या घराचा दरवाजा आहे. हा आक्षेप खरा आहे, आणि कायद्याने पक्का आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील २१४ (ब) हे कलम असे गृहीतच धरते, की तात्पुरत्या भेटीसाठी आलेला जवळपास प्रत्येक अर्जदार कायमचा राहायला निघाला आहे. तसे नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवून द्यायचे. नाही पटले तर अपील नाही, पुन्हा फी भरून पुन्हा अर्ज. अमेरिकेची वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होती, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. रांगेची जागा बदलली, कलम बदलले नाही. ब्रिटनमध्ये नातलगांना भेटायला जाणाऱ्यांना अपिलाचा हक्क होता, तो २०१३ साली काढून घेतला गेला.

पण सगळीकडे असे नाही, हेही ध्यानात घ्या. युरोपातील शेंगेन देशांच्या २००९ च्या नियमावलीने नकाराचे कारण कळवणे आणि अपिलाचा हक्क देणे बंधनकारक केले आहे. कॅनडात नाकारलेला अर्जदार ६० दिवसांच्या आत तिथल्या संघीय न्यायालयाकडे जाऊ शकतो. न्यायालय स्वतः व्हिसा देत नाही, निर्णयाची कारणे वाजवी आहेत का ते पाहते आणि नसतील तर अर्ज दुसऱ्या अधिकाऱ्याकडे धाडते. म्हणजे दार आपले असूनही ‘का नाही’ हे सांगता येते. तसे केल्याने कोणत्या देशाचे सार्वभौमत्व बुडाले, असे दिसत नाही.

अर्थात या सोयीही सुखासुखी टिकत नाहीत. शेंगेनच्या पत्रात ठरावीक कारणांच्या चौकटी असतात, त्यांतल्या एखादीवर खूण केलेली असते. आईचे पत्र त्याच जातीचे होते. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांतील सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. फी ९० युरो, परत न मिळणारी. जर्मन वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची जी सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता राहिले बर्लिनचे न्यायालय. लालबागहून बर्लिनच्या न्यायालयात जाणाऱ्याला अपिलाचा हक्क आहे असे म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पंचतारांकित हॉटेलचा पत्ता देण्यासारखेच आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अधिकाऱ्यापुढे दिवसाकाठी अर्जांचा ढीग असतो. मुदत संपल्यावर तिकडेच राहून जाणारी माणसे असतात, आणि त्यांत आपलीही असतात. खोटे कागदही आपणच पुरवतो. नकार आल्यावर आम्ही दादरच्या एका दलालाकडे गेलो होतो. त्याने पत्राकडे पाहिलेही नाही. म्हणाला, “ताई, खात्यात आम्ही दोन महिन्यांसाठी रक्कम ठेवून देतो, कंपनीचं पत्रही देतो. आईंना सुपरवायझर दाखवू.” बाबा माझ्याकडे बघू लागले. ताईचे दिवस भरत आले होते, आणि खरे सांगते, माझे मन डळमळले. आई उठली आणि म्हणाली, “मी डबे करते. सुपरवायझर कशाला होऊ?” तिच्या मागोमाग आम्ही जिना उतरलो.

परंतु या दलालाचे दुकान चालते कशावर? मोघम नकारावर! ‘भाडेपावती तुमच्या नावावर नाही, उत्पन्नाचा पुरावा जोडलेला नाही’ असे वकिलातीने लिहिले असते, तर माणूस तो कागद शोधायला गेला असता. ‘समाधान झाले नाही’ असे लिहिले की समाधान विकणारा मिळतो. कारण न सांगणारी खिडकी आणि खोटे कागद बनवणारे दुकान एकमेकांच्या आधाराने उभी असतात.

मग आम्ही काय केले ते सांगते, कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल. अपील नव्हते, म्हणून नवा अर्ज करायचा ठरवला. आमच्या विभागातील सरांनी सांगितले, “नकारपत्रातले प्रत्येक वाक्य डाव्या बाजूला लिही. त्याचे उत्तर देणारा खरा कागद उजव्या बाजूला. कागद नसेल तर तो का नाही हे सरळ लिही.” मी तसे दोन पानांचे निवेदन तयार केले. आजोबांच्या नावाची भाडेपावती, त्यांचा मृत्यूचा दाखला आणि त्या खोलीत आम्हीच राहतो असे घरमालकाचे पत्र. बेस्टमध्ये वाहक असलेल्या बाबांचे पगारपत्रक. माझे महाविद्यालयाचे ओळखपत्र. आई आम्हाला डबे देते, महिन्याला अमुक रक्कम घेते, असे तिच्या गिऱ्हाइकांच्या सह्यांचे पत्र. त्यावर अकरा सह्या होत्या. ताईचे रुग्णालयाचे कागद आणि तिचे हमीपत्र. आणि शेवटी एक परिच्छेद गणपतीविषयी, घरात दीड दिवसाचा गणपती असतो आणि त्याचे सगळे आईच्या हातून होते म्हणून. हा परिच्छेद ठेवावा की नाही यावर बराच खल झाला. शेवटी सर म्हणाले, “खरा बंध तोच आहे, राहू दे.”

बाळ एप्रिलातच झाले. आईने नातीचे तोंड पाहिले ते फोनवर, डब्यांची कणीक मळता मळता, हात पदराला पुसून. व्हिसा मिळाला जूनच्या अखेरीस. ती गेली तेव्हा नात अडीच महिन्यांची होती आणि डिंकाच्या लाडवांचे दिवस सरून गेले होते. ताई म्हणते, पहिल्या पंधरा दिवसांत रात्री-अपरात्री मूल रडायचे तेव्हा आपणही त्याच्याबरोबर रडत होतो. त्या रात्री कोणत्याही वकिलातीच्या हिशेबात धरलेल्या नाहीत. आणि तीन महिन्यांची परवानगी हातात असताना आई गणपतीच्या आठ दिवस आधी परत आली!

यावर कोणी म्हणेल, अखेर मिळाला ना व्हिसा? मिळाला, आणि म्हणूनच मला जास्त चीड येते. दोन अर्जांच्या मधल्या काळात आई बदलली नव्हती, खोली बदलली नव्हती, परत येण्याचा तिचा इरादा बदलला नव्हता. बदलले ते कागद. मग कोणता कागद कमी आहे, हे मार्चमध्येच एका ओळीत लिहायला काय हरकत होती? दुसऱ्यांदा फी भरण्याची ऐपत आमची कशीबशी होती. निवेदन लिहिणारी मुलगी घरात होती, वाट दाखवणारे सर होते. ज्यांच्याकडे यांतले काहीच नसते, त्यांचा ‘नाही’ तसाच पेटीत पडून राहतो.

आता शेवटचे, आणि ते आपल्याविषयी आहे. परक्या खिडकीवर बोट ठेवताना आपल्या खिडक्या कशा आहेत? परदेशी माणसाच्या बाबतीत आपला देशही काही निराळा नाही. परकीयाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच हॅन्स म्युलर खटल्यात म्हटले आहे. आणि स्वतःच्या माणसांचे काय? माहिती अधिकार कायदा, २००५ मधील ४ थे कलम म्हणते, की सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या निर्णयांची कारणे संबंधित व्यक्तींना दिली पाहिजेत. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अर्ज नाकारल्यास लेखी कारण देण्याची आणि अपिलाची तरतूद आहे. तरीही दाखल्यासाठी खिडकीपाशी उभे राहिल्यावर “होणार नाही, उद्या या” याखेरीज काय कानी पडते? आणि तिथून मुकाट्याने परतणारे आपणच असतो. चाळीतली खोली भाड्याने देताना एखाद्याचे आडनाव ऐकून “खोली गेली” असे सांगणारेही आपल्यातच आहेत. तो नकारही बिनकारणाचाच, किंवा खरे तर, सांगता न येणाऱ्या कारणाचा.

माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की यापुढे कोणत्याही खिडकीवर ‘नाही’ ऐकलेत तर भांडू नका, रडू नका, दलालही शोधू नका. एक कोरा कागद काढा आणि नम्रपणे लिहा: ‘कृपया कारण लेखी कळवावे.’ आणि उद्या तुमच्यापैकी पुष्कळजण खिडकीच्या आतल्या बाजूला बसणार आहेत. त्या दिवशी समोर माझ्या आईसारखी कोणी बाई उभी असेल. तिला नाही म्हणावे लागले तर अवश्य म्हणा. पण कारण असे लिहा की ते वाचून तिला घरी जाऊन नेमका कोणता कागद शोधायचा हे कळेल.

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)